मुलांच्या वेळेची घंटा आईवडिलांनी कुठवर वाजवायची?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रांच्या सदरात गेले काही दिवस गृहशिक्षणाबद्दल वाचकांची मतं येत आहेत. त्यातला एक आक्षेप मला महत्त्वाचा वाटला. घरी शिकणाऱ्या मुलांना वेळेचं भान येत नाही, असं अनेकांचं म्हणणं आहे. शाळेत घंटा असते, तास असतात, मुदती असतात. घरी काय असतं? मी माझ्या दोन्ही मुलांना घरीच शिकवते. मुलगी १७ वर्षांची आहे, मुलगा १४ वर्षांचा. आम्ही ख्रिस्ती आहोत आणि आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, किशोरवयीन मुलांचा रविवारचा वर्गही मी घेते, त्यामुळे हा प्रश्न घरात आणि मंडळीत दोन्हीकडे माझ्यासमोर येतो. आक्षेपात तथ्य आहे. पण घरी घंटा नसते, हे त्याचं कारण मला पटत नाही. बहुतेक घरांत घंटा असतेच, आणि ती आईच्या तोंडून वाजत असते.

ऊठ, आवर, गणिताला बस, अजून किती राहिलं, आता ते पुरे, भाषेचं पुस्तक काढ. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हे चालू असतं. ७-८ वर्षांच्या मुलाला दिवस आखून देणं हे आईवडिलांचं कामच आहे. पण १३-१४ व्या वर्षानंतरही तीच घंटा वाजत राहिली, तर मूल सगळं वेळेवर करतं आणि वेळेबद्दल काहीच शिकत नाही. पुढे ते वसतिगृहात किंवा नोकरीवर जातं, घंटा घरीच राहते आणि बघता बघता सगळं विस्कटतं. शाळेत निदान वेगवेगळ्या शिक्षकांच्या वेगवेगळ्या मुदती सांभाळाव्या लागतात. घरी मुदत ठरवणारी, पुढे ढकलणारी आणि प्रसंगी विसरणारी व्यक्ती एकच असते.

ख्रिस्ती घरांत अशा वेळी बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या ६ व्या अध्यायातली मुंगी हमखास आठवते. आळशाला मुंगीकडे पाठवणारं ते वचन मुलांना तोंडपाठ असतं. पण आपण बहुतेक जण पहिल्या ओळीवरच थांबतो. लगेच पुढे असं म्हटलं आहे की, त्या मुंगीवर कोणी नायक नाही, देखरेख करणारा नाही, अधिकारी नाही. तरी ती उन्हाळ्यात आपलं अन्न साठवून ठेवते. मला त्या उताऱ्यातली हीच ओळ सगळ्यात मोलाची वाटते. देखरेख करणारा नसताना काम होणं, हे खरं ध्येय. मग आपण मुलाच्या डोक्यावर रात्रंदिवस देखरेख ठेवून त्याला मुंगी कसं बनवणार?

मत्तयाच्या २५ व्या अध्यायातला दृष्टांतही असाच वाचण्यासारखा आहे. धनी आपल्या दासांना प्रत्येकाच्या वकुबाप्रमाणे द्रव्य सोपवतो. कोणाला पाच भाग, कोणाला दोन, कोणाला एक. आणि मग तो परदेशी निघून जातो. बऱ्याच काळाने परततो आणि हिशेब घेतो. मधल्या काळात तो दाराआडून डोकावत नाही. कारभारीपण शिकवायचं तर या तिन्ही गोष्टी लागतात: झेपेल एवढंच सोपवणं, मग खरोखर बाजूला होणं आणि ठरल्या दिवशी हिशेब घेणं. आपण पहिली गोष्ट अर्धवट करतो, तिसरी रोज तासातासाला करतो आणि दुसरी करतच नाही.

तिसऱ्या दासाने आपला भाग जमिनीत का पुरला, हेही तो स्वतः सांगतो. त्याला धन्याची भीती वाटत होती. भीतीपोटी मुलंही वेळ पुरून ठेवतात. न झालेला धडा वहीखाली जातो, "झालं का?" या प्रश्नाला "होत आलं" एवढंच उत्तर येतं. माझ्या वर्गात येणारी चांगली, प्रार्थना करणारी मुलंसुद्धा असं करतात. ही मुलं खोटारडी नाहीत. हिशेब म्हणजे बोलणी खाणं, एवढंच त्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून मी पालकांना कळकळीने सांगते की वचनं मुलांच्या अंगावर फेकू नका. वेळ हे देवाचं दान आहे, असं मुलाला शिकवायचं आणि त्याच देवाच्या नावाने त्याला रोज अपराधी ठरवायचं, या दोन गोष्टी एका घरात एकत्र नांदत नाहीत.

आमच्या घरी सोपवण्याचं काम टप्प्याटप्प्याने झालं. आधी एक दिवस. आज हे चार विषय आहेत, कोणता आधी, कोणता नंतर, मधे किती विश्रांती, हे तू ठरव; मी संध्याकाळी पाहीन. ते अंगवळणी पडल्यावर आठवडा. मुलगी १६ वर्षांची झाल्यावर पूर्ण सत्र तिच्याकडे गेलं. अभ्यासक्रम, परीक्षेच्या तारखा, अर्ज भरायची शेवटची तारीख, सगळं तिच्या वहीत असतं आणि त्या वहीत मी काही लिहीत नाही.

सगळ्यात जड जातं ते मधे न बोलणं. माझ्या मुलाला घरी शिकणाऱ्या मुलांच्या गटात शुक्रवारी इतिहासाचा प्रकल्प मांडायचा होता. बुधवारी दुपारी तो किल्ल्याच्या प्रतिकृतीचे बुरूज रंगवत होता आणि लेखनाचं एक पानही झालेलं नव्हतं. मला ते समोर दिसत होतं. आठवडा त्याचा होता, म्हणून मी गप्प राहिले. शुक्रवारी तो सुंदर बुरूज आणि अर्धवट टिपण घेऊन गेला, गट चालवणाऱ्या ताईंना त्याने स्वतः सांगितलं की लेखन राहिलं आहे, आणि पुढची तारीख मागून घेतली. घरी आल्यावर मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "रंग शेवटी ठेवायला हवा होता." हे वाक्य मी बुधवारी म्हटलं असतं तर त्याला ते कटकट वाटलं असतं. अर्थात प्रत्येक चूक होऊ द्यायची असं नाही. परीक्षेचा अर्ज राहिला तर वर्ष जातं. तिथे मी बोलते, स्पष्ट बोलते. पण १४ व्या वर्षीचं नुकसान बहुतेक वेळा एका शुक्रवारएवढंच असतं, आणि ते सोसण्याचं हेच वय आहे.

आता अंदाजाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते वेळ सांभाळण्याचं अर्धं कौशल्य तिथे आहे. लूकच्या १४ व्या अध्यायात प्रभू येशू विचारतो की, बुरूज बांधायची इच्छा असलेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करणार नाही का? आधी बसून. माणसाला हे आपोआप जमत नाही, हे मानसशास्त्रज्ञांनीही दाखवलं आहे. डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये नियोजनातल्या या भ्रमाला नाव दिलं. आधीची तशीच कामं लांबली हे ठाऊक असूनही आपण नव्या कामाला कमीच वेळ धरतो. मोठ्यांचं असं होतं, तर १४ वर्षांच्या मुलाचं काय?

माझ्या मुलाच्या वहीत प्रत्येक कामापुढे दोन रकाने असतात, "वाटलेला वेळ" आणि "लागलेला वेळ". निबंधापुढे त्याने ४५ मिनिटं लिहिली होती. लागले दोन तास. आम्ही दोघांनी बसून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की त्याने फक्त लिहिण्याचा वेळ धरला होता. मुद्दे शोधणं, कच्चं लिहिणं, खाडाखोड, पुन्हा सुवाच्य लिहिणं हे हिशेबातच नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याने निबंध एका ओळीऐवजी तीन ओळींत लिहिला: मुद्दे, कच्चा, पक्का. वाचनाचं उलट निघालं. तासाभराचा धरलेला धडा निम्म्या वेळात संपत होता. आपण लिहायला संथ आणि वाचायला चपळ आहोत, हे त्याला स्वतःबद्दल कळलं, आणि ते त्याला त्या दोन रकान्यांनी सांगितलं. मोबाइलवर नियोजनाची कितीतरी अ‍ॅप आहेत. माझा अनुभव असा की या वयात साधी रेघांची वही जास्त शिकवते, कारण मागची पानं उलटून पाहता येतात. मोठ्या प्रकल्पाला नहेम्याच्या पुस्तकाचा ३ रा अध्याय वाचून दाखवावा. यरुशलेमेचा तट बांधताना प्रत्येकाला ठरावीक तुकडा नेमून दिलेला होता, अनेकांना तर आपल्याच घरासमोरचा. तो तट ५२ दिवसांत पुरा झाला. तारीख शेवटून मोजत आणायची आणि प्रत्येक तुकड्याला दिवस नेमायचा, हे मुलांना त्यातून पटकन कळतं.

झोपेबद्दल मंडळीतल्या पालकांशी माझा नेहमी वाद होतो. मार्क १:३५ मध्ये प्रभू येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, म्हणून १५ वर्षांच्या मुलाला पहाटे ५ ला उठवणारी घरं मला माहीत आहेत. मूल ११ ला झोपलेलं असतं. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोपच उशिरा येते. यात आळसाचा संबंध नाही. अमेरिकेतल्या झोपवैद्यकाच्या अकादमीने २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ८ ते १० तासांची झोप सांगितली आहे. स्तोत्र १२७ मध्येही पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबणं व्यर्थ म्हटलं आहे आणि झोप ही देवाची देणगी म्हणून येते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रत्येक दिवसाची मोजणी संध्याकाळपासून होते: संध्याकाळ झाली, सकाळ झाली, दिवस झाला. म्हणून आमच्याकडे उद्याची आखणी रात्रीच्या प्रार्थनेआधी होते आणि मोबाइल त्या वेळी बैठकीच्या खोलीत ठेवला जातो. उद्याचं कागदावर उतरलं की डोकं मोकळं होतं, असं मुलगी सांगते. सकाळची प्रार्थना मुलं पूर्ण जागी असतील तेव्हा होते. पहाटेची वेळ कोणत्या घराला लाभत असेल तर जरूर घ्यावी. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आई लक्ष्मीबाई उजाडण्याआधी उठवून शिकवत, कारण दिवसभराच्या घरकामात दुसरी वेळच मिळत नसे. त्याच मुलीने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. त्या घराला परवडणारी वेळ ती होती. आपल्या घराला परवडणारी वेळ आपण शोधावी.

मार्कच्या त्याच उताऱ्यात पुढे जे घडतं त्याकडे कोणी लक्ष देत नाही. शिष्य येऊन म्हणतात, सगळे तुला शोधत आहेत. आणि प्रभू म्हणतो, आपण दुसऱ्या गावांत जाऊ, कारण मी त्याचसाठी आलो आहे. सगळे शोधत असतानाही तो आपल्या कामाला निघाला. घरी शिकणाऱ्या मुलामुलींना हे फार गरजेचं आहे, कारण जगाच्या दृष्टीने ती कायम मोकळी असतात. तू घरीच असतोस ना, जरा ये. खुर्च्या लावायला, लहान मुलं सांभाळायला, कोणाला सोडायला, कार्यक्रमाचा फलक बनवायला. हाक मारणारे आपुलकीचे लोक असतात, म्हणून नकार देणं आणखी अवघड. "काका, ११ पर्यंत माझा अभ्यास आहे, त्यानंतर नक्की येतो," हे वाक्य मी मुलांकडून अक्षरशः म्हणवून घेतलं आहे. हे उद्धटपणाचं नाही. होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, हे डोंगरावरच्या प्रवचनातलंच शिक्षण आहे.

मुलींच्या बाबतीत हे अधिक कडकपणे पाळावं लागतं. घरी असलेल्या मुलीच्या अभ्यासाच्या तासातून घरकामाला वेळ काढला जातो आणि मुलाच्या तासाला कोणी हात लावत नाही, हे मी चांगल्या ख्रिस्ती घरांत पाहते आणि मला त्याचा राग येतो. घरकाम दोघांनीही शिकावं, दोघांच्याही वहीत त्याची वेळ असावी. बहीण मार्था कामात गुंतलेली असताना मरीया प्रभूचं ऐकत बसली; तिने निवडलेला हा चांगला वाटा तिच्यापासून काढून घेतला जाणार नाही, असं प्रभूने स्वयंपाकघरातल्या गडबडीच्या वेळीच सांगितलं होतं.

याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मुलं मिनिटामिनिटाला चिकटून बसणारी कोरडी माणसं होतील. लेवीयाच्या १९ व्या अध्यायात देव शेतकऱ्याला सांगतो की, शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नकोस. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. दिवसालाही असे कोपरे ठेवावेत. माझी मुलगी दुपारी एक तास रिकामा सोडते. त्यात कधी आजारी शेजारणीकडे जाणं होतं, कधी लांबलेलं गणित, कधी काहीच नाही. तासाला तास चिकटवलेल्या वेळापत्रकात शेजाऱ्याला जागा उरत नाही.

शब्बाथाबद्दल, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाबद्दल, मी ठाम आहे. घरी शिकणाऱ्या मुलाचं टेबल एकच, खोली एकच. शाळा सुटली असा क्षणच येत नाही. म्हणून आमच्याकडे शनिवारी रात्री पुस्तकं कपाटात जातात आणि रविवारी बाहेर येत नाहीत, काम राहिलेलं असलं तरी. परीक्षा तोंडावर आली की पालकच विचारतात, या रविवारी चालेल ना? निर्गम ३४:२१ मध्ये नेमकं याचंच उत्तर आहे: नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी विसावा घे. कामाची घाई सगळ्यात मोठी तेव्हाच. सहा दिवसांतच काम बसवायचं आहे हे एकदा पक्कं झालं की मंगळवारी टंगळमंगळ कमी होते, हे मी दोन्ही मुलांत पाहिलं आहे. आणि आपण थांबलो तरी जग देवाच्या हातात आहे, हा विश्वास १४ वर्षांच्या मुलाला व्याख्यानापेक्षा त्या बंद कपाटाने जास्त समजतो.

हिशेबाची बैठक आठवड्यातून एकदा, प्रत्येक मुलाबरोबर वेगळी. ही कल्पना मला सुझॅना वेस्ली (१६६९–१७४२) यांच्याकडून मिळाली. इंग्लंडमध्ये एपवर्थच्या धर्मगुरूच्या घरात त्या आपल्या मुलांना स्वतः शिकवत, सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ५. त्याशिवाय रोज संध्याकाळी एका मुलाशी एकांतात बोलत. गुरुवार जॉनचा असे. मेथॉडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचा हा प्रणेता मोठेपणीही आईला लिहिलेल्या पत्रात त्या गुरुवारच्या संध्याकाळची आठवण काढतो. आमच्या बैठकीत वही मुलाच्या हातात असते. या आठवड्यात कशासाठी देवाचे आभार मानावेसे वाटतात, कुठे अंदाज चुकला, आणि पुढच्या आठवड्यातून काय काढून टाकायचं, एवढंच आम्ही बोलतो. शेवटचा प्रश्न मुद्दाम आहे. मुलं नेहमी काहीतरी वाढवायलाच तयार असतात. मग दोघं मिळून प्रार्थना करतो, आणि झालेल्या गोष्टीबद्दल पुन्हा बोलणं नाही.

मंडळीच्या पाळकांना आणि युवक संघाच्या पदाधिकाऱ्यांना आपल्या पत्रातून एक विनंती करते. शिबिरं, सरावाच्या वेळा, नाताळच्या कार्यक्रमाच्या तारखा निदान महिनाभर आधी सांगा. मुलं आता आपला महिना स्वतः आखू लागली आहेत. ऐन वेळी आलेल्या निरोपाने त्यांनी मेहनतीने केलेली आखणी मोडते, आणि मग मोठ्यांच्याच शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, असा प्रश्न त्यांना पडतो.

मुलगा १७ चा झाला, आजवर सगळं आम्हीच आखलं, आता उशीर झाला का, असं मला बरेच पालक विचारतात. उशीर झालेला नाही, पण सगळं एकदम सोडू नका. त्याचा सर्वांत आवडता विषय घ्या आणि तेवढाच एक महिन्यासाठी त्याच्या हाती द्या. काय पुरं करायचं ते दोघांनी मिळून ठरवा, हिशेबाचा वार ठरवा आणि तो वार येईपर्यंत त्या विषयाबद्दल विचारू नका. बाकीचे विषय तोवर जसे चालले आहेत तसे चालू द्या. महिन्यानंतर दुसरा विषय कोणता घ्यायचा, हे त्यालाच विचारा.

आपली विश्वासू,
घरी शिकवणारी एक आई